ओस किनारा आणि माणूसबळ : दोन पत्रांचें व एका प्रकरणाचें परीक्षण

कै. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, त्यास आतां सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या अवधींत किती दप्तरें उजेडांत आलीं व किती कागद छापून निघाले, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नकोच. ज्या जिल्ह्यास पूर्वीं कुलाबा म्हणत व १९८१ सालापासून ज्यास रायगड हें नांव मिळालें, त्याच्या किनाऱ्यापुरतें पाहिलें तर जंजिऱ्याचे वेढे, १६७९ ची खांदेरीची झुंज, १६८९ मधील रायगडचा पाडाव, १७३३ मधील त्याची पुनःप्राप्ति, एप्रिल १७३६ मधील सिद्दी साताचा पराभव व वध, इतक्या गोष्टी आज आम्हांस क्रमवार सांगतां येतात. परंतु वेढा उठल्यावर शेत कोणीं नांगरलें, फुटलेला बांध कोणीं घातला, जळालेल्या गलबताच्या जागीं नवें गलबत कोणाच्या हातांनीं उभें राहिलें, हा प्रश्न विचारल्यास आमच्या छापील ग्रंथांतून समाधानकारक उत्तर मिळत नाहीं. उत्तराचे कागद नाहींत असें नव्हे. ते छापलेलेही आहेत; मात्र ते निराळ्याच हेतूनें वाचले गेले आहेत, असें आमचें मत आहे.

हें मत पारखून पाहण्याकरितां आम्हीं तीन सुप्रसिद्ध साधनें निवडलीं आहेत. पहिलें, जानेवारी १६७५ मध्यें प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास शिवछत्रपतींनीं लिहिलेलें कडक पत्र. दुसरें, त्याच मामल्याचा सुभेदार रामाजी अनंत यास ५ सप्टेंबर १६७६ रोजीं लिहिलेलें पत्र. तिसरें, रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें चालणाऱ्या आज्ञापत्रांतील आरमाराचें प्रकरण. तिन्ही लेख वाचकांच्या परिचयाचे आहेत. म्हणूनच ते पुन्हां तपासण्यासारखे आहेत. परिचयामुळें कागद नीट वाचला जात नाहीं, हा अनुभव आम्हां सर्वांचाच आहे.

प्रथम किनाऱ्याची प्रकृति ध्यानांत घेतली पाहिजे. देशावर फौज आली व गेली म्हणजे रयत डोंगराआड जाते, दोन महिन्यांनीं परतते, आणि जमीन होती तशी तिची वाट पाहत राहते. पेण, नागोठणें, अलिबाग, मुरूड या बाजूच्या खारीच्या जमिनीची गोष्ट वेगळी आहे. ही जमीन समुद्रापासून सोडवून घेतलेली आहे. बाहेरचा बांध, त्यांतील उघाडी व आंतील बंदिस्ती हीं सारीं माणसांनीं वर्षानुवर्ष राखलीं तरच तिच्यांत भात होतें. भरतीच्या उधाणानें बांधास खांड पडली व ती त्याच हंगामांत भरली नाहीं, तर खारें पाणी आंत शिरतें. मग पावसानें खार धुऊन जाऊन जमीन पुन्हां पिकती होण्यास दोनतीन पावसाळे जातात. खांड भरणें हें एका घराचें काम नव्हे. त्यास गांवचा गांव लागतो, व तोही उधाणाच्या दोन वेळांमधील थोडक्या अवधींत. पेण भागांत या व्यवस्थेस शिलोत्री असें नांव असून, बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदारावर असे व त्याबद्दल त्यास बिघ्यामागें भात मिळे, असें १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरावरून दिसतें.

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. या किनाऱ्यावर माणूस गेला म्हणजे केवळ पीक जात नाहीं, जमीनच जाते. गांव बेचिराग झाला, म्हणजे ज्या गांवांत दिवा लावण्यास माणूस उरला नाहीं असें दप्तरांत लिहिलें, कीं त्याच्यामागून समुद्र आंत आला असें समजावें. म्हणून येथील युद्धाचा हिशेब पडलेल्या बुरुजांवर करूं जातां तो चुकतो. तो हिशेब गेलेल्या हातांवर करावा लागतो.

हे हात कसे जात, याचें उदाहरण १६७३ चें घेऊं. त्या वर्षीं पावसाळा संपतांच सिद्दीचें आरमार मुंबईच्या बंदरांत आलें व त्याच्या टोळ्या पेण व नागोठण्याच्या खाड्यांतून वर जाऊन शिवाजीच्या गांवांवर पडल्या. मुंबईकर इंग्रजांस याचा मोठा घोर पडला. कारण मुंबईचें धान्य बहुतांशीं याच खाड्यांतून येई. सिद्दीस विरोध करावा तर मोगलाचा रोष होऊन सुरतेचा व्यापार अडतो, न करावा तर बेटावर अन्नाची टंचाई, अशी त्यांची कोंडी झाली होती. मराठी बाजूच्या धाडींनीं सिद्दीच्या मुलुखांतील रयतेचेही असेच हाल होत, हें निःपक्षपातानें सांगितलें पाहिजे. दोन्हीकडील रयत दोन्हीकडून उठत होती.

ही उठलेली रयत कोठें जाई? कांहीं घाटावर, कांहीं खाडीपलीकडे, व कांहीं थेट मुंबईस. १६६९ पासून १६७७ पर्यंत मुंबईचा कारभार पाहणाऱ्या जेरल्ड ऑंजिअरनें व्यापारी व कारागीर यांस धर्माची व धंद्याची मोकळीक देऊन बेटावर वसविण्याचें धोरण धरलें होतें. त्या वेळीं मुंबईस राहिलेल्या जॉन फ्रायर या वैद्यानें तेथील वस्ती ६०,००० वर गेल्याचें लिहिलें आहे. तो आंकडा फुगविलेला मानला तरी वस्ती वेगानें वाढली हें खरें, आणि वाढलेलीं माणसें कोठून तरी निघालीं असलीं पाहिजेत. तात्पर्य, शिवछत्रपति, सिद्दी, फिरंगी व इंग्रज असे चार धनी एकाच किनाऱ्यावर एकमेकांशीं लढत होते, तसेच ते एकमेकांचीं माणसें ओढीत होते. रयतेस जाण्यास जागा होती. ही गोष्ट मनांत ठेवूनच पुढील कागद वाचावे, अशी आमची विनंती आहे.

आतां पहिल्या पत्राकडे वळूं. जिवाजी विनायकास लिहिलेलें पत्र बहुधा शिवछत्रपतींच्या करारी स्वभावाचा नमुना म्हणून उद्धृत होतें. मुरूडसमोर कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला जात होता. दौलतखान व दर्यासारंग यांचें आरमार तेथें होतें. त्यांस पैका व धान्य पोंचविण्याचें काम प्रभावळीच्या सुभ्याकडे होतें. आणि सुभेदारानें तें वेळेवर केलें नाहीं. त्याबद्दल त्याची जी कानउघाडणी झाली, तिची भाषा खरोखरच जिव्हारीं लागणारी आहे, व वाचकांचें लक्ष त्या भाषेवरच खिळतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, या पत्रांत रागाखेरीज आणखी एक माहिती आहे. प्रभावळी म्हणजे लांजें-राजापूरकडील, आजच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील मामला. तेथून मुरूडच्या तोंडावर बसणाऱ्या किल्ल्यास रसद जावयाची होती. म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावरील युद्धाचा भार तो किनारा एकटा वाहूं शकत नव्हता. दक्षिणेकडील सुभ्याच्या कोठारांतून तो वाहिला जात होता. सुभेदार आळशी होता, कीं लबाड होता, कीं त्याच्यापाशीं देण्यास कांहीं उरलेंच नव्हतें, याचा निर्णय या एका पत्रावरून करणें योग्य नाहीं. आमच्या इतिहासलेखकांनीं मात्र तो केव्हांच करून टाकला आहे.

या पत्रानंतर सुमारें वीस महिन्यांनीं त्याच मामल्याच्या सुभेदारीवर रामाजी अनंत आहे, व त्यास दुसरें पत्र गेलें आहे. हें पत्र पहिल्याहून अधिक प्रसिद्ध असून, रयतेच्या भाजीच्या देठासही हात न लावण्याच्या त्यांतील ताकिदीमुळें तें शाळकरी पुस्तकांपर्यंत पोंचलें आहे. परंतु ताकीद हा त्या पत्राचा केवळ आरंभ होय. त्याचा गाभा पुढें आहे. सुभेदारानें गांवोगांव हिंडावें. कुणबी गोळा करावे. ज्याच्यापाशीं जितकें माणूसबळ व बैलदाणा असेल तितकी जमीन त्यास करूं द्यावी. ज्यास जमीन करण्याचें बळ आहे परंतु बैल, नांगर व पोटास दाणा नाहीं, म्हणून जो अडून बसला आहे, त्यास बैलांकरितां रोख पैका द्यावा व खावयास खंडी दोन खंडी धान्य द्यावें. तें कर्ज वाढीदिडी न करितां, नुसतें मुद्दल, त्याला ऐपत येईल तसतसें हळू हळू उगवावें. मागील बाकी ज्यांच्यानें देववत नसेल त्यांची ती तहकूब करून कळवावी. आणि या कामीं दोन लक्ष लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल. लारी म्हणजे चांदीच्या तारेची दुमडलेली कोंकणपट्टींतील नाणीं, हें नाणकशास्त्राच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. हिशेब लारींत सांगितला आहे, यावरूनच पत्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें किनारा होता हें उघड होतें.

हें पत्र आजवर दोन रीतींनीं वाचलें गेलें. एका पक्षास त्यांत प्रजावत्सल राजाचें हृदय दिसलें. दुसऱ्या पक्षास त्यांत उत्तम वसुली-पद्धति दिसली. दोन्ही वाचनें खोटीं नाहींत, परंतु दोन्ही अपुरीं आहेत. पत्रांतील मोजमाप पाहावें. त्यांत जमिनीची गणना आधीं येत नाहीं, माणसाची येते. जमीन किती आहे असें सुभेदारास विचारलेलें नाहीं; कोणापाशीं किती बळ आहे, हें त्यानें पाहावयाचें आहे. ज्या राज्यांत माणसें विपुल व जमीन थोडी, तेथील फर्मान असें नसतें. तेथें जमीन मोजून तिजवर सारा बसवितात व न देणारास हांकून देतात. येथें बिनव्याजी भांडवल देऊन माणूस जमिनीवर टिकविण्याची खटपट आहे. हें पत्र माणसांच्या टंचाईचें पत्र आहे. आणि जानेवारी १६७५ च्या पत्राशेजारीं ठेवून तें वाचलें, म्हणजे त्याचा अर्थ आणखी स्पष्ट होतो : ज्या सुभ्यांतून दूरच्या किल्ल्याकरितां पैका व धान्य ओढलें गेलें, त्याच सुभ्यांत आतां पैका व धान्य परत घालावें लागत आहे. दोन पत्रांतील हा संबंध आम्ही अनुमानानें जोडीत आहों. पत्रांत तो शब्दांनीं सांगितलेला नाहीं. परंतु एकच मामला, एकच धनी आणि वीस महिन्यांचें अंतर पाहतां हें अनुमान अप्रशस्त होणार नाहीं.

यावर असा आक्षेप येईल कीं, अशा वाचनानें शिवछत्रपतींच्या दयेस व्यवहाराचा रंग चढतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. टंचाई सर्वच धन्यांस होती; प्रश्न असा कीं, तिला उत्तर कोणीं काय दिलें. १३४८-४९ च्या महामारीनें इंग्लंडांत मजूर मिळेनासे झाले, तेव्हां तेथील राजानें १३५१ सालीं कायदा करून जुन्याच मजुरीवर काम करण्याची सक्ति केली व अधिक मागणारांस शिक्षा ठेवली. तीस वर्षांच्या युद्धानें जर्मनीचे प्रांत ओस पडले. पुढें १६८५ सालीं ब्रांडेनबुर्गच्या अधिपतीनें फ्रान्सांतून पळालेल्या प्रॉटेस्टंट लोकांस करमाफी व घरें बांधण्यास सामान देऊन आपल्या मुलुखांत बोलाविलें. माणूस कमी पडला असतां त्यास बांधून ठेवणें हा एक मार्ग, व त्यास राहावेंसें वाटेल असें करणें हा दुसरा. १६७६ चें पत्र निःसंशय दुसऱ्या मार्गाचें आहे, व तें ब्रांडेनबुर्गच्या आधीं नऊ वर्षें लिहिलें गेलें आहे. राजास गरज होती म्हणून त्याचा विवेक कमी ठरत नाहीं. गरजेच्या वेळींच विवेकाची कसोटी लागते.

शेतकऱ्यापेक्षांही कारागिराची टंचाई अधिक जाचक असते. कारण नांगर धरणारे शेंकडों, परंतु गुराबेचा सांगाडा उभा करणारे थोडे. या बाबतींत १६५९ चें प्रकरण बोलकें आहे. कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर शिवछत्रपतींनीं तेथें व पनवेलच्या खाडींत लढाऊ नावा बांधविण्यास प्रारंभ केला व त्याकरितां वसईकडील फिरंगी कारागीर ठेवले. त्यांचा मुख्य रुय लैतांव व्हियेगस नांवाचा होता, व त्याच्याबरोबर बायकामुलांसह तीनशेंहून अधिक माणसें होतीं. या नावा उद्यां आपल्यावरच येतील हें वसईच्या फिरंगी कप्तानानें ओळखलें, व त्यानें या लोकांस काम सोडून परतण्याविषयीं गुप्तपणें बजाविलें. ते एके रात्रीं निघून गेले. पोर्तुगीज दप्तरांतील ही हकीगत पिसुर्लेकरांसारख्या विद्वानांच्या परिश्रमानें आम्हांस उपलब्ध झाली. ती सांगतांना आमचे लेखक फिरंग्यांच्या कपटावर बोट ठेवतात आणि पुढें जातात. आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट : कारागीर गेले तरी आरमार झालें. म्हणजे किनाऱ्यावरील सुतार, लोहार, कोळी व भंडारी यांमधून तें काम उचलणारे हात तयार झाले. त्यांचीं नांवें आम्हांस ठाऊक नाहींत. पळून गेलेल्या परकीयाचें नांव मात्र ठाऊक आहे, कारण त्याच्या धन्यानें कागद राखला. याच किनाऱ्यापलीकडे पुढें इंग्रजांनींही हाच मार्ग धरला. १७३५-३६ च्या सुमारास त्यांनीं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यास कांहीं सुतारांसह मुंबईच्या गोदीकरितां आणलें, व त्या घराण्याचा इतिहास आज ग्रंथरूपानें उपलब्ध आहे. कागद ज्याचा राहिला त्याचाच इतिहास झाला.

आतां आज्ञापत्राचा विचार करूं. त्यांतील आरमाराचें प्रकरण मराठी राजनीतिशास्त्राचा अलंकार होय, याविषयीं दुमत नाहीं. आरमारास स्वतंत्र राज्यांग मानणें. त्याची नेमणूक बंदरांच्या उत्पन्नावर न लावतां मुलुखांतून करून देणें, नाहींतर आरमारकरी सावकारास नाडून बंदर बुडवितील हें ओळखणें. पावसाळ्यांत गलबतें दरवर्षी एकाच बंदरीं न ठेवतां निरनिराळ्या ठिकाणीं ठेवणें, कीं त्या लोकांचा उपद्रव एकाच गांवास होऊं नये. हीं सर्व सूत्रें अनुभवानें शहाण्या झालेल्या पुरुषाचीं आहेत. झाडांविषयींचा भाग तर सर्वतोमुखीं आहे. आंबे-फणसाचीं लांकडें आरमाराच्या कामाचीं खरीं, पण तीं झाडें रयतेनें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, म्हणून जुनें जीर्ण झाड असेल तेंच धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावें, असा त्यांतील उपदेश आहे.

परंतु परीक्षकानें दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, लेखाच्या काळाविषयीं. हा लेख १७१५-१६ च्या सुमाराचा मानतात. त्यापूर्वींच, १७१४ च्या आरंभीं, बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीनें कान्होजी आंग्रे शाहूच्या पक्षास मिळाला होता. म्हणजे कुलाब्याचें मुख्य आरमार कोल्हापूरच्या हातचें गेल्यावर कोल्हापूरच्या धन्याकरितां हें प्रकरण रचलें गेलें. त्यांजकडे मालवणकडील किनारा काय तो उरला होता. तेव्हां या प्रकरणास कुलाब्याच्या चालू व्यवहाराचें वर्णन म्हणून उद्धृत करणें, जें आमचे लेखक वरचेवर करितात, तें सावधपणाचें नाहीं. तो एका वृद्ध मुत्सद्द्याचा उपदेश आहे. त्यांत स्मरण आहे, आणि स्मरणांत पश्चात्तापही आहे. झाडें बळानें तोडूं नयेत असें ज्याला लिहावें लागतें, त्यानें तीं तोडलेलीं पाहिलेलीं असतात.

दुसरी गोष्ट लेखाच्या अंतरंगाविषयीं. झाडाच्या मालकाची राजीखुषी अमात्यांस महत्त्वाची वाटली, हें थोर आहे. परंतु तें लांकूड तासणारा जो सुतार, फटी बुजविणारा जो कारागीर, वल्हें मारणारा जो खलाशी, त्याच्या राजीखुषीचा, वस्तीचा व पावसाळ्यांतील पोटाचा विचार त्या विस्तारानें केलेला दिसत नाहीं. आरमारकरी या प्रकरणांत प्रामुख्यानें दिसतो तो आवरून धरण्याचा एक उपद्रव म्हणून. १६७६ च्या पत्रांतील कुणबी मात्र आपल्या बळासह, बैलासह व भुकेसह समोर उभा राहतो. शास्त्र म्हणून आज्ञापत्र मोठें. साधन म्हणून पत्र मोठें, असा आमचा अभिप्राय आहे.

येथवर ज्यांचा विचार केला ते सर्व निघून जाऊं शकणारे होते. ज्यांस तेंही शक्य नव्हतें, त्यांच्याकडे डोळेझांक केल्यास हें परीक्षण एकांगी होईल. याच किनाऱ्यावर धाडींत धरलेलीं माणसें विकलीं जात. सिद्दी व फिरंगी या दोघांच्याही मुलुखांत गुलाम होते. शिवछत्रपतींनीं १६७७ सालीं कर्नाटकांत वलंदेजांस दिलेल्या कौलांत स्त्रीपुरुषांस गुलाम म्हणून विकत घेण्यास व नेण्यास मना केली, ही गोष्ट त्यांच्या कीर्तीस साजेशी आहे, आणि माणूस हेंच धन मानणाऱ्या १६७६ च्या पत्राशीं ती जुळते. परंतु पुढें पेशवाईच्या हिशेबी कागदांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीचे उल्लेख विपुल आहेत, आणि किल्ल्यांच्या व बांधांच्या कामावरील वेठबेगारीचेही. माणूसबळ पुन्हां उभें करण्याचा हा दुसरा मार्ग आमच्याकडेही चालत होता. कौलांतून बोलाविलेला कुणबी व वेठीस धरलेला महार किंवा कातकरी हे बहुधा एकाच बांधावर माती टाकीत होते. पहिल्यासंबंधीं पत्र आहे. दुसऱ्यासंबंधीं हिशेबांतील एक ओळ असते, व तीही पुष्कळदां 'किरकोळ' या सदराखालीं संपादकांनीं गाळलेली असते.

माणसाच्या हातावरच ही जमीन उभी आहे, या विधानास अगदीं अलीकडचाही पुरावा आहे. अलिबाग तालुक्यांतील चरी व आसपासच्या गांवांच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं खोतांविरुद्ध १९३३ सालीं शेतें कसण्याचें बंद केलें, आणि तो संप १९३९ पर्यंत टिकला. सहा वर्षें त्यांनीं अपार हाल सोसले. परंतु पडित राहिलेल्या जमिनीनें खोतांसही शिकविलें कीं, सनद कागदावर असते व भात माणसाच्या हातीं असतें. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोतीविरुद्ध विधेयक मांडलें, त्यामागें याच किनाऱ्याचा अनुभव होता. रामाजी अनंतास जें पत्रानें सांगितलें गेलें, तें चरीच्या कुळांनीं कृतीनें सांगितलें.

आतां ज्यांच्याकरितां हें परीक्षण मुख्यतः लिहिलें, त्या संग्राहकांस दोन शब्द. जुन्या घरांतून दप्तर मिळालें कीं आपण प्रथम मोहोर पाहतों, मग नांव पाहतों, मग लढाईचा उल्लेख शोधतों. या तिन्हींत न बसणारा कागद बाजूस पडतो. त्या बाजूच्या ढिगांत कौल असतात, अभयपत्रें असतात, पहिल्या सालीं थोडा व पुढें वाढत जाणारा सारा ठरवून दिलेले इस्तावे असतात, तगाईच्या याद्या असतात, बांधाच्या कामावर आलेल्या माणसांची हजिरी असते. त्यांची भाषा ठराविक असते व मजकूर कंटाळवाणा वाटतो, हें खरें. परंतु इस्ताव्याचा पहिला आंकडा म्हणजे तो गांव किती ओस होता याचें माप आहे. सारा पूर्ण भरण्यास किती वर्षें दिलीं, हें तेथें माणूस मिळणें किती कठीण होतें याचें माप आहे. आणि एकाच गांवास थोड्या वर्षांच्या अंतरानें दुसऱ्यांदा कौल दिला असेल, तर पहिला प्रयत्न फसला हें तो कागद न बोलतां सांगतो. १७३६ च्या तहानें हब्साणांतील अकरा महालांचें उत्पन्न सिद्दी व मराठे यांच्यांत निमेनिम झालें. अशा दुहेरी अंमलाच्या गांवीं रयत टिकली कीं उठली, हें ठरविण्यास या कागदांवांचून दुसरें साधन नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी. असा कागद फुटकळ म्हणून निकालांत काढूं नये. त्यांतील साल, गांव, बिघे, बैल, खंडी व माणसांचीं नांवें हीं जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. सार छापणें सोयीचें असतें, आणि १९३० च्या 'शिवकालीन पत्रसार संग्रहा'सारख्या ग्रंथांचे उपकार कोण नाकारील? परंतु लावणी-संचणीच्या कागदाचें सार काढतांना 'कौल दिला' एवढेंच लिहिलें, तर त्यांतील इतिहास गेलाच म्हणून समजावें. कारण त्या कागदांत आंकड्यांशिवाय दुसरा इतिहास नसतो. कागदाची पाठही उतरून घ्यावी. देणें फिटल्याची, मुदत वाढविल्याची किंवा असामी पळाल्याची नोंद बहुधा पाठीवरच सांपडते.

सारांश, १६७५ व १६७६ चीं पत्रें एकत्र वाचावीं. आज्ञापत्र हें उपदेश म्हणून वाचावें, वृत्तांत म्हणून वाचूं नये. व किनाऱ्याच्या युद्धांचा जमाखर्च मांडतांना बुरुजांबरोबर बांधही मोजावे. खांदेरी, कांसा व कुलाबा हे जलदुर्ग अद्याप उभे आहेत, व त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासमोरच्या खारींतील बांध तेव्हांपासून किती वेळां फुटले व किती वेळां घातले गेले, याची गणती कोणीं केलेली नाहीं. ती करण्याजोगे कागद अद्याप पेट्यांतून आहेत; वाळवीनें ते निवडून ठेवण्यापूर्वीं आपण निवडावे, एवढेंच आमचें मागणें आहे.